शॉकअप बदलायचा की उघडायचा?

सुरुवातीलाच एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मराठी आमच्याकडे ‘थर्ड लँग्वेज’ होती आणि मराठीच्या मॅडम आठवड्यातून तीनदाच दिसायच्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. खरं तर हा लेख मी इंग्लिश सेक्शनलाच देणार होतो. पण ज्या माणसाने मला यातलं सगळं शिकवलं तो वऱ्हाडीत बोलतो आणि वऱ्हाडीतच शिव्या घालतो. त्याचं म्हणणं इंग्लिशमध्ये लिहून पाहिलं, अगदी लॅब रिपोर्ट वाटायला लागलं. म्हणून मराठी सेक्शन!

दुसरी कबुली जरा मोठी आहे. माझ्यामुळे माझ्या रूम पार्टनरचा हात मोडला. (त्याला विचारूनच हे लिहितोय. तो म्हणाला, “लिही बे, पण माझं नाव टाकू नको, आई वाचेल.”) होस्टेलमध्ये सगळ्यांना वाटतं की पावसात गाडी घसरली. पाऊस होता हे खरं. पण कारण पाऊस नव्हतं. कारण होतं पुढचा शॉकअप, आणि त्याहून खरं सांगायचं तर माझं डोकं.

गाडी माझ्या मामाची. मामा काटोलचे. संत्र्याची बाग आहे. २०११ साली ‘हिरो’ने होंडापासून वेगळं झाल्यावर लंडनमध्ये मोठा कार्यक्रम करून नवीन नाव आणि नवीन गाड्या दाखवल्या, त्यात एक होती ‘इम्पल्स’. १५० सीसी, उंच मडगार्ड, पुढे १९ इंची चाक, जमिनीपासून २४५ मिलिमीटर उंची. पुढच्या शॉकअपला १८० मिलिमीटरची चाल, म्हणजे चाक एवढं वर-खाली जाऊ शकतं. आपल्या साध्या कम्यूटर गाड्यांना साधारण सव्वाशे ते एकशेतीस असते. त्यावेळी आपल्याकडे अशी गाडी कुणी विकतच नव्हतं म्हणा ना. सगळ्यांना ‘पिकअप’ आणि ‘अॅव्हरेज’ पाहिजे होतं, त्यामुळे ती फार खपली नाही आणि काही वर्षांत बंदही झाली. पण मामांनी घेतली. लोक म्हणाले, एवढी उंच गाडी कशाला? मामा म्हणाले, “माझ्या वावराच्या पांदणीतून चालवून दाखवा, मग विचारा.”

ज्यांनी विदर्भातली पांदण पाहिली नसेल (होस्टेलमध्ये पुण्या-मुंबईचेही लोक आहेत), त्यांच्यासाठी सांगतो. पांदण म्हणजे शेतात जायचा बैलगाडीचा रस्ता. उन्हाळ्यात तिथे हातभर खोल चाकोऱ्या असतात, दगडासारख्या कडक. पावसाळ्यात तीच काळी माती अशी चिकटते की चाक आणि मडगार्डच्या मध्ये लोणच्यासारखी मुरून बसते. टीव्हीवर डर्ट बाइक बघून आपण “वाव!” म्हणतो, पण आपल्याकडे खरे डर्ट रायडर म्हणजे मामांसारखे लोक. मागे खताचं पोतं आणि हँडलला दुधाचा कॅन!

मामांनी ती गाडी दहा वर्षं रगडली आणि मी सेकंड इयरला आलो तेव्हा मला दिली. देताना फक्त एवढंच म्हणाले, “पाय पुसत जा तिचे.” मला वाटलं, मामा मस्करी करताहेत. या वाक्याकडे नंतर येतो.

एप्रिलच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की पुढच्या एका शॉकअपच्या पाइपवर तेलाची ओली रिंग दिसते आहे. ब्रेक मारला की गाडी पुढे नाक खुपसायची. गतिरोधकावर ‘टक्’ असा आवाज. होस्टेलच्या पार्किंगमध्ये लगेच सल्लागार मंडळ जमलं. एक म्हणाला, जुनी गाडी, शॉकअप गेले. दुसरा म्हणाला, एक्सपल्सचा पुढचा पूर्ण सेट टाक, काय दिसेल बे! तिसऱ्याने मोबाइलवर इंपोर्टेड सोनेरी शॉकअपचे फोटो दाखवले. आणि मी? मला ती तेलाची रिंग बघून वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला! कारण आता अपग्रेडला कारण मिळालं. त्याच रात्री मी वहीत हिशोब मांडला. ट्यूशनचे पैसे, वाढदिवसाचे पैसे, मेसमधून वाचवलेले पैसे...

म्हणजे बघा, दोन महिने शॉकअप गळत होता आणि दोन महिने मी नवीन शॉकअपसाठी पैसे साठवत होतो. पाइप पुसायला दोन मिनिटं नव्हती.

जुलैत एका संध्याकाळी आम्ही दोघं काटोल रोडने गोरेवाड्याकडून परत येत होतो. भुरभुर पाऊस. समोर एक गाय आडवी आली. मी पुढचा ब्रेक दाबला, आणि काहीच झालं नाही. लिव्हर कडक होता, पण पकड नव्हती. घाबरून मागचा ब्रेक पायाखाली चिरडला, मागचं चाक लॉक झालं आणि आम्ही दोघं रस्त्यावर. मला खरचटलं. त्याचं डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि नेमकं सबमिशन! त्याच्या शीट्स मी काढून दिल्या, सरांना माहीत आहे, त्यांनी चालवून घेतलं. पण त्याचे आई-बाबा वणीहून रात्रीच्या गाडीने आले आणि त्याच्या बाबांनी मला विचारलं, “काय झालं होतं गाडीला?” मी म्हणालो, “काका, पाऊस होता.” ते वाक्य माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

गाडी मी ढकलत एका मिस्त्रीकाकांच्या गॅरेजवर नेली. गॅरेज म्हणजे कडुनिंबाचं झाड आणि टिनाचं शेड. काकांनी काही विचारलं नाही. खाली बसले, डिस्कवर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. तेल. ज्या बाजूला डिस्क आहे त्याच बाजूचा सील फाटला होता. तेल पाइपवरून ओघळत बॉटमवर, तिथून कॅलिपरवर, आणि ब्रेक पॅड दोन महिने ते तेल पीत होते. “ब्रेक कुठून लागन बाप्पा? पॅडले तू तेलात तळून ठेवलं.”

मी म्हणालो, “काका, मी तसाही पूर्ण सेट बदलणार आहे. एक्सपल्सचा.”

काका म्हणाले, “उघडून पाह्यला का हा?”

“नाही.”

“मंग कायले बदलून राहिला?”

आता मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. स्प्रिंग-मास-डॅम्पर मला पाठ आहे. डॅम्पिंग रेशो काढायला सांगा, पाच मिनिटांत काढून देतो, आलेखासकट. पण शॉकअपच्या आत नक्की काय असतं हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, दोन दिवस ये, तूच उघड, मी सांगतो. आणि त्या दोन दिवसांत मला जे समजलं ते चार सेमिस्टरमध्ये समजलं नव्हतं. (सर, राग मानू नका.)

आत फारसं काही नसतंच! वरचा चकचकीत पाइप खालच्या अॅल्युमिनियमच्या बॉटममध्ये सरकतो. आत एक लांब स्प्रिंग, मध्ये भोकं असलेला एक रॉड, आणि तेल. वजन उचलतो तो स्प्रिंग. तेलाचं काम वजन उचलणं नाही. स्प्रिंग दबून सुटला की तो उड्या मारत राहणार, त्याला शांत करायचं काम तेलाचं. तेल त्या बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उड्यांची ताकद उष्णतेत विरते. बस्स. तेलाने दाबून ठेवलेले टेलिस्कोपिक शॉकअप बीएमडब्ल्यूने १९३५ साली विकायच्या गाड्यांवर आणले, आणि माझ्या इम्पल्सच्या आत मूळ कल्पना तीच आहे.

पण या साध्या गोष्टीत लोक काय काय करून ठेवतात ते ऐका.

पहिली गोष्ट, तेल. माझ्या शॉकअपमधून जे निघालं ते काळं, आंबूस वासाचं, त्यात अॅल्युमिनियमची चमकी. एका पायात दुसऱ्याच्या जेमतेम निम्मं. मामांच्या गावी कुणीतरी कधीतरी इंजिन ऑइल भरून दिलं होतं. “शॉकअप नरम झाला की जाड तेल भरा” हा आपल्याकडचा सगळ्यात आवडता उपाय. पण नरम शॉकअपला जाड तेल म्हणजे तापाला स्वेटर! स्प्रिंग थकला असेल तर गाडी बसणारच, तेल कितीही जाड भरा. उलट जाड तेलाने शॉकअप परत वर यायला वेळ लावतो, तोवर पुढचा खड्डा येतो, मग त्याच्या पुढचा, आणि शॉकअप दबलेलाच राहतो. शिवाय भोकांतून तेल जाताना वेग दुप्पट झाला की विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून हा जुन्या पद्धतीचा शॉकअप हळू झोल्यात नरम वाटतो आणि धारदार दगडावर एकदम काठीसारखा कडक होतो. तेल जाड केलं की ही काठी आणखी कडक.

दुसरी, तेलाची पातळी. मला वाटायचं, जास्त भरलं तर बरंच. काका हसले. तेलावर जी हवा उरते तीही स्प्रिंगच असते. तेल जास्त म्हणजे हवेला जागा कमी, शॉकअप पूर्ण दबला की तिचा दाब एकदम चढतो आणि पहिला बळी जातो सीलचा. म्हणजे सील गळतो म्हणून तेल जास्त भरा, तेल जास्त म्हणून सील आणखी गळतो. फिरा गोल गोल! पातळी मोजायची ती स्प्रिंग बाहेर काढून, पाइप पूर्ण खाली दाबून, वरच्या तोंडापासून तेलापर्यंत. मी ड्रॉइंग हॉलमधली स्टीलची पट्टी नेली होती. दोन्ही पायांत सारखीच पाहिजे.

तिसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, माती. सील का फाटला? म्हातारपणाने नाही. पांदणीतला चिखल पाइपवर वाळतो. वाळला की तो सिमेंट होतो. मग शॉकअप दबला की तो कडक चिखल सीलच्या ओठावरून घासत आत जातो. एकदा, दोनदा, हजारदा. सील रबराचा आहे बिचारा, किती सोसणार? मामा म्हणाले होते, “पाय पुसत जा तिचे.” ती मस्करी नव्हती. ते मेन्टेनन्स मॅन्युअल होतं!

काकांनी आधी एक जुगाड दाखवला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ पट्टी कापायची, डस्ट सील वर सरकवून ती पट्टी सील आणि पाइपच्या मध्ये हलकेच फिरवायची. नुसती माती अडकली असेल तर ती निघते आणि कित्येकदा गळती तिथेच थांबते. खर्च शून्य. माझ्या वेळेस सील फाटलेलाच होता. पण एप्रिलमध्ये, पहिली रिंग दिसली तेव्हा? तेव्हा या पट्टीने भागलं असतं का? माहीत नाही, पण रोज रात्री हा प्रश्न पडतो.

ज्यांना स्वतः करायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक हवेत करायचं. शॉकअप काढण्याआधीच, तो ‘टी’मध्ये पकडलेला असतानाच वरची टोपी थोडी सैल करून घ्यायची, नंतर ती सुटत नाही. टोपी पूर्ण काढताना तोंड बाजूला! खाली दाबलेला स्प्रिंग असतो, टोपी गोळीसारखी उडते. बॉटमच्या खालचा अॅलन बोल्ट नुसता गरगर फिरतो, कारण आतला रॉडही सोबत फिरतो. त्यावर उपाय म्हणजे तो बोल्ट स्प्रिंग आत असतानाच, शॉकअप जमिनीवर दाबून धरून सोडवायचा. नवीन सील घालताना पाइपच्या तोंडावर दुधाची पिशवी चढवून तेल लावायचं, म्हणजे कडेने सीलचा ओठ कापत नाही. सील ठोकायला मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. बोल्टखालचा तांब्याचा वायसर नवीनच. आणि जुनं तेल नालीत ओतायचं नाही, डब्यात भरून मिस्त्रीकडेच द्यायचं.

पाइपवर माझ्या दोन छोट्या खरचटी होत्या. काकांनी अगदी बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, फक्त त्यांच्या धारा मोडल्या. खोल गंज असता तर एमआयडीसीत हार्ड क्रोमला द्यावा लागला असता किंवा पाइप बदलावा लागला असता, कारण खडबडीत पाइपवर नवा सील महिनाभरही टिकत नाही. पाइप वाकला आहे का तेही पाहिलं, सपाट काचेवर लोळवून. वाकला नव्हता. कोन सेटमध्ये मात्र खड्डे पडले होते, तो बदलला. ‘टक्’ आवाज शॉकअपचा नव्हताच, कोन सेटचा होता!

दोन सील, दोन डस्ट सील, वायसर, तेल, कोन सेट, ब्रेक पॅड. सगळं मिळून माझ्या साठवलेल्या पैशांचा दहावा हिस्साही लागला नाही. काकांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, “काम तूच केलं, मी त सांगून राहिलो होतो.”

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे अपग्रेड करूच नये का? तसं मी म्हणत नाही. मी अपग्रेडच्या विरोधात नाही, न उघडता केलेल्या अपग्रेडच्या विरोधात आहे.

अपग्रेडला जागा आहे. पण आधी मोजा तर! पाइपवर एक झिप टाय बांधा, गाडी सरळ धरून कुणाला तरी रोजच्या पोझिशनमध्ये बसवा, मग हळूच उतरवून तो टाय किती सरकला ते पाहा. मातीच्या रस्त्याला चालीच्या साधारण एक तृतीयांश बसणं ठीक. १८० ची चाल म्हणजे ६० मिलिमीटर. माझा स्प्रिंग ६३ दाखवत होता, म्हणजे तो बिचारा दहा वर्षांनंतरही पास! तुमचा ८० दाखवत असेल तर स्प्रिंग बदला, तुमच्या वजनाचा घ्या. तो खरा अपग्रेड, आणि स्वस्त. त्याच्या पुढे भोकांच्या जागी झडप बसवणारे कीट असतात, धारदार दगडावरची ती ‘काठी’ त्याने मोडते. ज्याला रेसिंगच करायचं आहे त्याच्यासाठी तर वेगळंच जग आहे. एक्सपल्सची स्टँडर्ड चाल पुढे १९० आणि मागे १७० होती. २०२० साली कंपनीने ३८,००० रुपयांचा रॅली कीट काढला त्यात ती पुढे २५० आणि मागे २२० झाली, पुढचा शॉकअप अॅडजस्ट होणारा. लक्षात घ्या, कंपनीने नुसता पुढचा भाग वाढवला नाही, मागचाही वाढवला. कारण फक्त पुढून गाडी उंच केली की स्टिअरिंगचा कोन पसरतो, ट्रेल वाढते, वळताना गाडी आळशी होते. आमच्या पार्किंगमधल्या सल्लागार मंडळाने ‘काय दिसेल बे’ सांगितलं होतं, ‘कशी वळेल बे’ कुणी सांगितलं नव्हतं.

आणि कायदा? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुसऱ्या गाडीचा पुढचा अख्खा सेट लावायच्या आधी आरटीओला विचारा. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट दाखवलं तर काय? सील आणि तेल बदलायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. कारण ती दुरुस्ती आहे.

मोठ्या रेसमध्येसुद्धा हे वेगळं नाही. २०१५ साली सी. एस. संतोष डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०२४ साली हरिथ नोआहने तिथे रॅली-२ हा वर्ग जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. या लोकांचे शॉकअप आपल्यापेक्षा शंभरपट भारी, कबूल. पण भारी शॉकअप जास्त वेळा उघडावा लागतो, कमी वेळा नाही. त्यांच्याकडे गाडी रोज पुसणारा, उघडणारा, तेल बदलणारा माणूस असतो. आपल्याला त्यांचा सोनेरी पाइप दिसतो, पुसायचा फडका दिसत नाही.

मला अडचण आली ती एकाच ठिकाणी. गाडी बंद झालेली, त्यामुळे सील आणि कोन सेट शोधायला मला सहा दुकानं फिरावी लागली. एका काउंटरवर तर मला सांगण्यात आलं की “भाऊ, आता नवीन गाडीच घे.” म्हणजे चारशे रुपयांच्या रबरासाठी लाखाची गाडी! २०२२ साली केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत वाहनंही धरली. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. चांगलं आहे. पण हक्क मिळाला आणि स्पॅनर धरता आला नाही तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

इथेच माझी आपल्या कॉलेजबद्दल तक्रार आहे, आणि तक्रारीसोबत विनंती. आपल्या वर्कशॉपमध्ये आपण फर्स्ट इयरला लोखंडाचा चौकोन घासून घासून गुळगुळीत करतो. तो चौकोन कशात बसतो हे कुणी सांगत नाही. व्हायब्रेशनच्या लॅबमध्ये स्प्रिंगला वजन टांगून रीडिंग घेतो आणि अर्धे लोक मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात. (मीही.) त्या लॅबमध्ये भंगारातला एक शॉकअप उभा कापून ठेवा ना! रॉडमधली भोकं दिसू द्या, सील हातात घेऊ द्या. एकाच शॉकअपमध्ये आधी पातळ आणि मग जाड तेल भरून तो किती सेकंदांत परत वर येतो ते मोजू द्या. हे प्रॅक्टिकल कुणी उतरवणार नाही, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल.

दुसरी विनंती वॉर्डन सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला. महिन्यातून एक शनिवार दुपारी वर्कशॉपचं दार उघडं ठेवा. होस्टेलच्या गाड्या तिथे येऊ द्या. चेन, ब्रेक, शॉकअप, जे असेल ते. एखाद्या मिस्त्रीकाकांना मानधन देऊन बोलवा, आम्ही वर्गणी काढतो. आपण ‘गेस्ट लेक्चर’ला मोठ्या कंपनीचे लोक बोलावतो, ते स्लाइड दाखवतात, आपण मागे बसून झोपतो. काकांच्या लेक्चरला झोप येणार नाही याची मी खात्री देतो, पाना फेकून मारतात!

आणि तिसरी विनंती तुम्हाला, माझ्यासारख्याच पोट्ट्यांना. आज रात्री जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये जा. गाडीचा पुढचा ब्रेक धरून हँडल दोन-तीनदा दाबा. मग पाइपवर बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर छान, फडका मारा आणि झोपा. ओलं आलं तर उद्याच उघडा किंवा उघडून घ्या. पैसे साठेपर्यंत थांबू नका. मी थांबलो होतो.

रूम पार्टनरचं प्लास्टर निघालं तेव्हा मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बाबांना खरं सांगितलं. पाऊस नव्हता काका, तेल होतं, आणि मला माहीत होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आता ठीक आहे का गाडी?” मी हो म्हणालो. ते खाली आले, गाडीजवळ उभे राहिले आणि त्यांनी स्वतः हँडल दाबून पाहिलं. मग मुलाला म्हणाले, “जा, पण हळू जा.”

दिवाळीत गाडी घेऊन काटोलला गेलो. मामांनी चहाच्या आधी पाइपवर बोट फिरवलं. कोरडं होतं. काही बोलले नाहीत, फक्त आत जाऊन एक जुना बनियन आणला, फाडून त्याचे दोन फडके केले आणि सीटखाली ठेवून दिले.

साठवलेले पैसे अजून तसेच आहेत. थोडे काढून दोन हेल्मेट घेतले. उरलेले राहू द्या, सध्या तरी उघडायला बरंच काही बाकी आहे.